रजेचं कारण

आयर्विन पुलाच्या अलीकडे, गाड्यावर
दहा रुपयांची भडंग.
लसूण थोडा करपलेला, मला तसाच लागतो.
पुडी तळाला आली तेव्हा
तेलाच्या डागातून एक अक्षर वर आलं.
'क्ष'. शेपूट उगाच लांब ओढलेलं.
असा क्ष आमच्या कंपनीत मीच काढते.

सुलक्षणा बाबू ऐवळे. पॉलिश विभाग.
"विनंती अर्ज करते की माझी पिशवी काढायची असल्याने
एकवीस दिवसांची..."
पुढचं मी खाल्लं होतं की काय,
तिथे कागद फाटलेला.

अर्ज माझ्याच टेबलावर लिहिला गेला.
ती इतकं हळू बोलत होती
की मला पंखा बंद करावा लागला.
"नवऱ्यालाबी धड सांगितलं न्हाई बाई,
तुमी 'कारन' म्हनलासा म्हनून."
खाली तिचा अंगठा. शाईच्या कडेनं हळद.
गेटवरच्या यंत्राला हा अंगठा कधीच पटत नाही,
ढोलात हळकुंडं घासून घासून रेषाच गेल्यात.
रोज तीनदा दाबते, रोज तीनदा लाल दिवा.
भडंगच्या कागदावर मात्र
ती चांगली ओळखू येत होती.

मार्चअखेर चार पोती रद्दी गेली.
अकरा रुपये किलो.
कपाट मीच रिकामं केलं.
त्या पैशात सगळ्यांना सामोसे.
सुलक्षणानंही एक खाल्ला.

गाडेवाल्याकडचा गठ्ठा विकत मागितला.
"मग पुड्या कशात बांधू?"
समोरच्या दुकानातून पेपर आणून दिले,
पन्नास रुपये वर.
त्रेचाळीस कागद निघाले.
पासबुकांच्या झेरॉक्स, एक्स-रेचे रिपोर्ट,
एकाचं वारसाचं नाव, जे त्याच्या बायकोचं नव्हतं.
पूल ओलांडून सांगलीवाडीत किती गेले,
कुणी बोटं पुसली, कुणी वाचले,
याला पावती नसते.

गुरुवारी पडद्यावर पुण्याचे वकील.
संमती. उद्देश. साठवण्याची मुदत.
जोखीम: कमी, मध्यम, जास्त. खूण करा.
मी कॅमेरा बंद करून विचारलं,
समजा, एखादा जुना अर्ज बाहेर गेला तर?
ते म्हणाले, माहिती फुटली की
जिची आहे तिला कळवायचं.
पण नुसता कागद या कायद्यात येत नाही,
कॉम्प्युटरवर चढवला तरच.
मला हायसं वाटलं.
आणि हायसं वाटल्याचं
दुपारचा डबा उघडेपर्यंत गेलं नाही तोंडावरून.
जेवले नाही.

नळावर गाठलं तिला. हात धूत होती,
पिवळं पाणी संपता संपत नव्हतं.
सांगितलं. सगळं. सामोशासकट.
तिनं नळ बंद केला नाही.
"कागद कुनाच्या हातात हुता?"
माझ्या.
"तुमाला ठावंच हुतं की. त्याआधी?"
माहीत नाही.
"आनि त्येच्याबी आधी?"

नवा फॉर्म मी केला. कारणाचा रकाना काढला,
फक्त 'वैद्यकीय', पुढे चौकोन.
साहेब म्हणाले, "मग आपल्याला कळणार कसं?"
मी म्हटलं, "नाहीच कळणार."
दोन दिवस फाईल त्यांच्याकडे पडून होती,
मग सही झाली, बहुतेक न वाचता.
कपाटाला कुलूप आलं. किल्ली माझ्या पर्समध्ये,
डोकेदुखीच्या गोळ्यांशेजारी.

श्रावणात सुलक्षणाचा अर्ज आला.
दोन दिवस. चौकोनात खूण नाही,
कागदाला चार घड्या.
माझ्याकडून लिहून घेतला नव्हता.
सातवीतल्या पोरीचं अक्षर,
'क्ष' अजून नीट जमत नाही तिला,
दोनदा खोडून तिसऱ्यांदा काढलेला.

म्हणजे आता पोरीला ठाऊक असणार.
किंवा तिनंही विचारलं नसेल.
मंजूर, असं लिहून मी कागद आत ठेवला.
पंखा चालूच होता.